मन नसतानाही एकादशी

आजच्या वाचनात तुकोबांचा आत्मचरित्राचा अभंग होता. संतांनी विचारलं म्हणून त्यांनी स्वतःची हकीकत सांगितली, तो. एरवी ते स्वतःबद्दल इतकं सलग बोलत नाहीत.

घर खातंपितं होतं. देहूत दुकान, महाजनकी, घराण्यात पंढरीची वारी. थोरले सावजी विरक्त, म्हणून व्यवसायाचा भार कोवळ्या वयात तुकोबांवर आला. पुढे आई-वडील गेले. वहिनी गेली आणि सावजी घर सोडून तीर्थाटनाला निघून गेले. मग १६३० चा दुष्काळ. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. धंदा बसला, पत गेली. रूढ जन्मसाल १६०८ धरलं तर तेव्हा वय बावीस. आपल्याकडे या वयात प्लेसमेंटचं टेन्शन असतं.

दुःखाबरोबर ते लाजेचंही सांगतात, आणि मी तिथे थांबतो. इथे तासगावात अवकाळीनं द्राक्षबाग गेली की चर्चा बागेची, कर्जाची, बेदाण्याच्या दराची होते. त्या माणसाला रात्री झोप लागते का, हे कुणी विचारत नाही, आणि तोही लाजेनं सांगत नाही.

तुकोबांना डिप्रेशन होतं असं निदान चारशे वर्षांनंतर मी करणार नाही. पण पुढे त्यांनी काय केलं ते बघा. घराण्याचं विठ्ठलाचं देऊळ पडझडीला आलं होतं, ते दुरुस्त करायला घेतलं. माती, भिंत, अंगमेहनत. एकादशीला कीर्तन करू लागले, आणि सुरुवातीला त्यात चित्त नव्हतं हे स्वतःच कबूल करतात! मन लागेपर्यंत थांबले नाहीत. संतांची वचनं पाठ केली. पुढे कुणी गात असेल तर मागे उभं राहून ध्रुपद धरलं. स्वतःचे शब्द सुचत नसतील तेव्हा दुसऱ्याचे म्हणायचे, दुसऱ्याच्या सुरात सूर मिसळायचा. आजचे मानसोपचारतज्ज्ञ ‘बिहेवियरल ॲक्टिव्हेशन’ म्हणतात त्यात हेच असतं: उत्साहाची वाट न बघता छोटी, ठरलेली कृती आधी करायची. आंघोळ, चार घास, दहा मिनिटं चालणं.

भामचंद्र, भंडारा या डोंगरांवर ते एकांतात बसत. तिथे भाकरी घेऊन कोण जायचं? दुसरी पत्नी जिजाई, म्हणजे आवली. कीर्तनात तिला कजाग म्हणून हसं करतात, मला ते अजिबात पटत नाही. दुष्काळातून उरलेला संसार ओढत ती उन्हात डोंगर चढत होती. खचलेल्या माणसाला जेवू घालणाऱ्यालाही थकवा येतो, राग येतो.

घरातली कर्जखतं होती, त्यातला अर्धा वाटा धाकट्या कान्होबाला दिला आणि आपला इंद्रायणीत सोडला, असं परंपरा सांगते. रोज छातीवर बसणारं एक ओझं त्यांनी हातानं उतरवलं.

कुणी विचारतं, नाम घेतलं तर गोळ्या बंद करता येतील का? अभंगात असं कुठेही नाही. गोळ्या डॉक्टरांना विचारूनच कमी करायच्या, नाम सोबत चालू द्यायचं. बोलायला कुणीच नसेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलता येतं.

आणि एकदा सावरले म्हणजे कायमचे सावरले, असंही झालं नाही. कवित्वाचा अधिकार नाही म्हणून त्यांना वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या, तेव्हा तेच तुकोबा पुन्हा खचून नदीकाठी बसले, अन्नपाण्याशिवाय, तेरा दिवस. वह्या वर आल्या हे आपण सगळे सांगतो. त्या तेरा दिवसांवर मात्र मी अजून एकही पूर्ण कीर्तन ऐकलेलं नाही.

राम कृष्ण हरी.