फ्रित्स हाबर : अन्न देणारी विद्या व विष सोडणारा हात

कृष्णाकाठी सातारा व सांगली जिल्ह्यांतील उसाच्या मळ्यांत जो युरिया पडतो, त्याच्या मुळाशी फ्रित्स हाबर नामक जर्मन रसायनशास्त्रज्ञाची विद्या आहे. रणांगणावर विषारी वायू आणण्यात पुढाकार घेणाराही हाच मनुष्य होय.

हाबर १८६८ साली ब्रेस्लाउ शहरी यहूदी घराण्यात जन्मला व तरुणपणी ख्रिस्ती झाला. हवेत नत्रवायू विपुल असतो, परंतु बहुतेक पिकांस तो तसाच घेता येत नाही. १९०९ साली हाबरने त्याचा हायड्रोजनशी संयोग करून अमोनिया बनवून दाखविला. त्यापासून होणाऱ्या खताने पुढे कोट्यवधी लोकांच्या मुखी घास पडला.

१९१४ साली महायुद्ध पेटले. गुदमरविणाऱ्या वायूचे गोळे न वापरण्याचे वचन जर्मनीने १८९९ साली हेग येथे दिले होते; परंतु नळकांड्यांतून सोडलेला वायू म्हणजे गोळा नव्हे, अशी पळवाट काढण्यात आली. ता. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जममधील ईप्र येथे हाबरच्या देखरेखीखाली सुमारे १५० टन क्लोरीन वाऱ्यावर सोडण्यात आला. हिरवट-पिवळा ढग खंदकांत उतरला व शिपाई गुदमरून मेले. चार दिवसांनी तेथेच लाहोर डिव्हिजनमधील हिंदी शिपायांसही तो भोगावा लागला. ता. २ मे रोजी हाबरची पत्नी क्लारा, जी स्वतः रसायनशास्त्राची डॉक्टर होती, तिने त्याच्याच पिस्तुलाने आपला प्राण घेतला. तो लगेच पूर्वेकडील रणभूमीवर निघून गेला.

त्या युद्धात तोफगोळ्यांनी वायूपेक्षा पुष्कळ अधिक माणसे मारली. मग वायूच निषिद्ध का ठरला? विष हे शिपायाचे शस्त्र नव्हे, ही समजूत फार जुनी आहे. मनुस्मृतीतही विषारी बाण मना आहेत. शिवाय वायूपुढे शौर्य चालत नाही, आणि तो लेकराबाळांस ओळखीत नाही. वारा फिरला की सोडणाऱ्यावरच उलटतो. शत्रूनेही तोच मार्ग धरल्यामुळे कोणाचाच जय झाला नाही. मागे राहिले ते डोळे गेलेले व छाती जळालेले लोक. त्यांस पाहून देशोदेशीची मने हेलावली.

म्हणून १९२५ साली जिनिव्हा येथे अशा वायूंचा वापर मना करणारा करार झाला. १९९७ साली अंमलात आलेल्या कराराने ते बनविणे व साठविणेही मना झाले. भारताने आपला साठा २००९ पर्यंत नष्ट केला. हा निर्बंध मोडणारे निघाले. १९८८ साली इराकमधील हलब्जा गावी हजारो निरपराध लोक मेले. तथापि असे कृत्य करणारा ते सहसा नाकारतो वा लपवितो. निषेध लोकांच्या मनांत रुजला, याचीच ही खूण होय.

हाबरला १९१८ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु ज्या देशासाठी त्याने सर्व केले, तेथेच १९३३ साली यहूदी सहकाऱ्यांस काढून टाकण्याचा हुकूम आला. तेव्हा त्याने जागा सोडली, देश सोडला व १९३४ साली बाझेल येथे तो मरण पावला. त्याच्या संस्थेत कीटकनाशासाठी केलेल्या संशोधनातून निघालेल्या वायूने पुढे नाझी छावण्यांत असंख्य यहूदी मारले गेले. त्यांत त्याचे आप्तही होते.

वाचकहो, विद्या मोठी देणगी आहे. परंतु ती कोणाच्या हुकुमाने कोठे वापरावी, याचा जाब ज्याचा त्यासच द्यावा लागतो.