रहीममास्तरांचा वारसा

सरदाची कापणी उरकली, मळण्या आटोपल्या आणि शेतांतील ओल ओसरली, की डिचोली तालुक्यातील मुळगावात एक वेगळेच पीक उभे राहते. मेरेलगत चार काठ्या रोवल्या जातात, त्यांचे दोन गोल होतात आणि शाळा सुटल्यावर गावची मुले अंधार पडेपर्यंत फुटबॉल खेळतात. मेरेवर वयस्क मंडळी बसलेली असतात. जुन्या वास्कोपासून साळगावकर, धेंपोपर्यंत साऱ्या संघांची उजळणी होते. तशी ती झाली, की बोलणे हटकून एका प्रश्नापाशी येऊन थांबते. आशियात एके काळी पहिला असलेला आपला देश मागे का पडला? हा प्रश्न निघाला म्हणजे एक नाव घ्यावेच लागते. ते नाव सय्यद अब्दुल रहीम यांचे.

नव्या पिढीला हे नाव ठाऊक झाले ते २०२४ साली पडद्यावर आलेल्या ‘मैदान’ या चित्रपटामुळे. चित्रपटाने एका विस्मृत पुरुषाला उजेडात आणले, याबद्दल त्याचे ऋण मानावयास हवे. परंतु पडद्यावर शोभतो तो विजयाचा क्षण. त्या क्षणाआधीची वीस वर्षे शोभत नाहीत. आणि रहीम यांचे खरे मोठेपण त्या वीस वर्षांत आहे, असे आम्हास वाटते.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबादेत झाला. ते उस्मानिया विद्यापीठाचे कला शाखेचे पदवीधर. विद्यापीठाच्या आणि पुढे कमर क्लबाच्या संघातून ते खेळले. पण खेळाडू म्हणून त्यांची कीर्ती शहराची वेस ओलांडून फारशी गेली नाही. त्यांचा पेशा शिक्षकाचा होता. काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट येथील शाळांतून त्यांनी मुलांना शिकविले, शारीरिक शिक्षणाची पदविका संपादन केली आणि शाळेतील खेळांची जबाबदारी अंगावर घेतली. ही हकीकत आम्ही मुद्दाम आधी सांगत आहोत. रहीम पुढे राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले, तरी मनाने ते अखेरपर्यंत शाळामास्तरच राहिले. आणि त्यांच्या यशाची किल्ली त्या मास्तरकीतच आहे.

१९४०च्या दशकात हैदराबाद फुटबॉल संघटनेची चिटणीसकी त्यांच्याकडे आली. हैदराबाद सिटी पोलीस या संघाची घडणही त्यांच्याच हातची. त्या संघाने मुंबईच्या कूपरेजवर १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला. तोवर फुटबॉल म्हणजे कलकत्ता असे समीकरण होते. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांच्यासारख्या मातब्बरांच्या राज्यात दक्षिणेतील हवालदारांच्या संघाने हा पराक्रम कसा केला, याचे उत्तर रहीम यांच्या सरावात सापडते. पोरांसाठी ते अशा स्पर्धा भरवीत, की ज्यांत चेंडू नावडत्या पायानेच मारावयाचा. काही स्पर्धांत चेंडू पायाशी खेळवीत पुढे नेण्यास सक्त मनाई असे. आला, की लगेच सोबत्याकडे द्यावयाचा. डाव्या-उजव्या दोन्ही पायांनी सारख्याच सहजतेने खेळणारा आणि स्वतःच्या कौशल्यापेक्षा सोबत्याची मोकळी जागा आधी पाहणारा खेळाडू घडविणे, हा त्यामागील हेतू होता. पाढे पाठ झाल्यावाचून त्रैराशिक सुटत नाही, हे शिक्षकाला कोणी सांगावे लागत नाही.

राष्ट्रीय संघाची धुरा हाती आल्यावर १९५१ साली दिल्लीच्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात इराणचा १-० असा पराभव करून सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये मात्र युगोस्लाव्हियाने आपली १०-१ अशी दाणादाण उडविली. तिथल्या थंडीत आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते. अनवाणी खेळणे हे त्या काळी आपल्या अभिमानाचे लक्षण मानले जाई. गोऱ्या पलटणींना बूटावाचून हरविल्याच्या आठवणी देशाने उराशी जपल्या होत्या, आणि स्वातंत्र्यलढ्याच्या काळात त्या आठवणींना मोलही होते. परंतु स्वातंत्र्य मिळाल्यावर अभिमानाचे रूपांतर अभ्यासात करावे लागते. हेलसिंकीनंतर बूट सक्तीचे झाले. पराभवाची सबब न सांगता त्याचा धडा करणे, हे रहीम यांनी या वेळी देशाला दाखविले.

त्याच सुमारास हंगेरीच्या संघाने युरोपात खेळाची नवी रीत रूढ केली होती. मधला आघाडीवीर गोलाजवळ ताटकळत न राहता मागे सरकतो, प्रतिस्पर्ध्याचा बचावपटू त्याच्या मागे ओढला जातो, आणि रिकाम्या झालेल्या जागेत दुसरा घुसतो. रहीम यांनी ही रीत हेरली आणि आपल्या खेळाडूंच्या अंगी बाणविली. १९५६ साली मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तिचे फळ मिळाले. १ डिसेंबर रोजी भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमविले आणि त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझा यांनी केले. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये गोलांची त्रयी साधणारे ते पहिले आशियाई. त्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे चार गोल करणाऱ्या तिघांत त्यांचे नाव आहे. उपांत्य सामन्यातही पहिला गोल त्यांचाच होता. पुढे युगोस्लाव्हियाने तो सामना ४-१ असा जिंकला आणि भारत चौथा आला. नेव्हिल मुंबईच्या टाटा संघाचे. पण जन्माने आमच्या बार्देशातील आसगावचे. गोवा त्या वेळी पोर्तुगीजांच्या टाचेखाली होता, आणि गोव्याचा एक पुत्र स्वतंत्र भारताचा पोशाख अंगावर घालून जगासमोर उभा होता. हैदराबादच्या मास्तरांनी त्याचे गाव, त्याचा धर्म वा त्याची भाषा विचारली नाही. त्याचा खेळ पाहिला.

१९६० साली रोम येथे फ्रान्ससारख्या संघाला भारताने १-१ असे बरोबरीत रोखले. हंगेरीशी तो २-१ असा झुंजून हरला. त्यानंतर आली जकार्ता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला होता, आणि साडेआठ महिन्यांनी, ४ सप्टेंबर १९६२ रोजी, आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना झाला. रहीम यांच्या फुप्फुसात तोवर कर्करोगाने घर केले होते. स्पर्धेची सुरुवात पराभवाने झाली होती. दक्षिण कोरियाने आपल्याला २-० असे हरविले होते. त्यातून सावरून भारताने थायलंड आणि जपान यांना, व उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनामला हरविले. अंतिम सामन्यात पुन्हा कोरियाच समोर उभा ठाकला. इस्रायल व तैवान यांना वगळल्याबद्दल एका भारतीय क्रीडाधिकाऱ्याने हरकत घेतल्याने यजमान देशात आपल्याविरुद्ध संतापाची लाट उसळली होती. जमाव भारतीय वकिलातीवर चालून गेला होता, आणि सुमारे एक लाख प्रेक्षकांच्या हुर्योत आपल्या खेळाडूंना मैदानात उतरावे लागले.

अशा वेळी सेनापतीची पारख होते. जर्नेल सिंग हे बचावफळीचे आधारस्तंभ. पण त्यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले होते. रहीम यांनी त्यांना घरी बसविले नाही, आघाडीवर आणले. गोलरक्षक थंगराज आजारातून उठलेले. त्यांच्यावरही विश्वास टाकला. पी. के. बॅनर्जी यांनी पहिला गोल केला, जर्नेल सिंगांनी दुसरा, आणि भारताने २-१ अशा विजयाने सुवर्णपदक पटकावले. चुनी गोस्वामी हे त्या संघाचे कर्णधार. सिकंदराबादच्या गरीब घरातील तुळसीदास बलराम हे संघाचे एक रत्न. चाचणीला येण्यासाठी त्यांच्या सायकलच्या भाड्याची सोय रहीम यांनीच केली होती, असे सांगतात. मधल्या फळीत होते फोर्तुनात फ्रांको, आमच्या कोलवाळचे. ज्या मातीला मुक्त होऊन वर्षही झाले नव्हते, तिचा अंश त्या सुवर्णात होता, याचा आम्हा गोमंतकीयांना कधी विसर पडू नये. फ्रांको २०२१च्या मे महिन्यात निवर्तले, तेव्हा किती वाचकांना हे आठवले असेल?

जकार्ताहून परतल्यावर रहीम फार दिवस जगले नाहीत. ११ जून १९६३ रोजी हैदराबादेत त्यांचे निधन झाले. वय अवघे त्रेपन्न. त्यांच्यामागून १९६४ साली आशिया चषकात दुसरा क्रमांक आणि १९७० साली बँकॉकला कांस्यपदक एवढे पदरी पडले. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्ण पुन्हा हाती आले नाही. रोमनंतर ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारत उतरलाच नाही.

हे केवळ एक माणूस गेल्यामुळे झाले काय? मेरेवरील मंडळींचे या बाबतीत एकमत होत नाही. कोणी म्हणतात, असा माणूस शतकातून एकदाच होतो. कोणी संघटनेतील हेवेदाव्यांकडे बोट दाखवितात, तर कोणी म्हणतात, की आशियातील इतर देश जागे झाले आणि आपण निजून राहिलो. तिन्हीत तथ्य आहे. परंतु आमच्या मते मूळ कारण वेगळे आहे. आपण रहीम यांची पदके जपली आणि त्यांची रीत टाकून दिली. पदकाला पेटी पुरते. रीत टिकवायची तर दररोज राबावे लागते. नावडत्या पायाने खेळणारी दहा वर्षांची पोरे ज्या हैदराबादेत होती, तिथे बलराम निपजले. पोरांना शिकविणारा मास्तर गेला आणि विहिरीचा झराच आटला. मोठ्या संघांना परदेशी प्रशिक्षक नेमणे, हे आटलेल्या विहिरीवर नवा रहाट बसविण्यासारखे आहे.

येथे रहीम यांच्याही कार्याची एक मर्यादा सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. त्यांनी खेळाडू घडविले, संघ घडविले. परंतु आपल्यामागे ही विद्या चालविणारी शाळा त्यांना उभी करता आली नाही. पी. के. बॅनर्जींसारखे शिष्य स्वतः नामवंत प्रशिक्षक झाले. रहीम यांचे चिरंजीव सय्यद शाहिद हकीम यांनीही तोच मार्ग धरला आणि आमच्या साळगावकर संघालाही काही काळ शिकविले. २०२१च्या ऑगस्टमध्ये तेही गेले. दिव्याने दिवा लागला, पण दीपमाळ झाली नाही. तो दोष एकट्या रहीम यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. आजारी शिक्षकाकडून संस्था उभारण्याची अपेक्षा धरणारे आपण, त्याच्या हयातीत त्याला काय साहाय्य दिले?

गोव्याने फुटबॉलला राज्यक्रीडेचा मान दिला आहे. नेव्हिल, फ्रांको, ब्रह्मानंद शंखवाळकर अशी नावे आपण भाषणांतून अभिमानाने घेतो. पण २०१६ साली आपल्या नामांकित संघांनी राष्ट्रीय लीगमधून अंग काढून घेतले, तेव्हा चार दिवस हळहळण्यापलीकडे आपण काय केले? आणि खेड्यांतील चित्र पाहावे. शारीरिक शिक्षणाचा तास गणिताच्या तासाला उसना दिला जातो आणि तो कधी परत मिळत नाही. खाणींच्या शेजारात वाढणाऱ्या डिचोलीच्या मुलांना पावसाळ्यात खेळण्यापुरती सपाट, निचऱ्याची जागा सापडत नाही. वायंगणासाठी पाणी सोडले, की शेतातले मैदानही जाते. ते जावेच, शेत पिकले पाहिजे. पण मुलांसाठी दुसरी जागा गावाने आणि सरकारने मिळून राखली पाहिजे, तिथे शिकलेला मास्तर नेमला पाहिजे, आणि त्याला पाच वर्षे निर्वेधपणे काम करू दिले पाहिजे.

रहीम यांचे पुतळे उभारावेत अशी आमची मागणी नाही. मुळगावच्या शेतात परवा एक पोर उजव्या पायाने चेंडू सुरेख मारीत होते. डाव्या पायावर चेंडू आला, की ते गोंधळून जाई. त्याच्यापाशी जाऊन, आता आठवडाभर डाव्यानेच खेळ, असे सांगणारा कोणी मेरेवर नव्हता. रहीममास्तर असते तर त्यांनी पहिले काम हेच केले असते.