शंतनुराव किर्लोस्कर

शंतनुराव लक्ष्मणराव किर्लोस्कर (२८ मे, १९०३, सोलापूर - २४ एप्रिल, १९९४) हे मराठी उद्योजक व यंत्र अभियंते होते. १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या कंपनीच्या उभारणीसाठी ते विशेष ओळखले जातात.

लोखंडी नांगराचे कारखानदार लक्ष्मणराव किर्लोस्कर हे त्यांचे वडील. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथून १९२६ साली यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन शंतनुराव किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात दाखल झाले. परवाना पद्धतीवर ते उघडपणे टीका करीत.

डिझेल इंजिने

बहुतेक खेड्यांत वीज नव्हती व विहिरीवर मोट चालत होती, त्या काळात खडकीच्या कारखान्यातील इंजिनांना शेतकरी हा मोठा ग्राहक मिळाला. पुढे १९६२ साली अमेरिकेच्या कमिन्स कंपनीशी भागीदारी करून पुण्यातच मोठ्या इंजिनांचा कारखाना निघाला. तरी नाव झाले ते लहान, एका सिलिंडरच्या इंजिनाचेच.

या इंजिनाचा पुढचा उपयोग शेतीपलीकडचा आहे. भारतातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत इंधनाच्या चाचण्यांसाठी ते सर्रास वापरले जाते. 'टीव्ही-१' हे ६६१ घन सेंटिमीटरचे, मिनिटाला १,५०० फेऱ्यांचे इंजिन असंख्य शोधनिबंधांत आढळते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत फवारलेले इंधन आपोआप पेटते. सीटेन अंक कमी असल्यास पेटण्यास उशीर होतो, तोवर साचलेले इंधन एकदम जळते आणि इंजिन ठोके देते. करंजाचे कच्चे तेल डिझेलपेक्षा अनेक पट दाट असते. त्याचे थेंब मोठे पडतात, ज्वलन अपुरे राहते, धूर वाढतो व फवारणीच्या तोंडाशी काजळी धरते. मिथेनॉलशी प्रक्रिया करून त्याचे बायोडिझेल केल्यास दाटपणा बराच उतरतो. बायोडिझेलमध्ये वजनाने सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असल्याने काजळी व कार्बन मोनॉक्साइड सहसा घटतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र बहुधा थोडी वाढतात. परदेशी इंजिनावरील आकडे येथील पंपाला लागू पडतीलच असे नसते. शेतात चालणारेच इंजिन प्रयोगशाळेत असल्याने ही अडचण बरीच दूर झाली.

सन्मान

भारत सरकारने १९६५ साली त्यांना पद्मभूषण पुरस्कार दिला. जन्मशताब्दीच्या वर्षी, २००३ साली, त्यांच्यावर टपाल तिकीट निघाले. 'कॅक्टस अँड रोझेस' हे त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र आहे.