वऱ्हाडच्या हिशेबातून घडलेला अर्थमंत्री

नागपूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले, की यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला पांढरकवडा आणि त्याला लागूनच जगदंबेचे केळापूर येते. काळी जमीन, कोरडवाहू कापूस आणि पावसाच्या भरवशावर काढलेले कर्ज ही या तालुक्याची जुनी ओळख. चिंतामण द्वारकानाथ देशमुख, म्हणजेच सर्वांचे 'सीडी', यांचे नाव एरवी या गावाबरोबर कोणी घेत नाही. ते कोकणातले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि महाराष्ट्रासाठी राजीनामा देणारे केंद्रीय अर्थमंत्री म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. परंतु हा मनुष्य अर्थकारण कोठे शिकला, असा प्रश्न विचारला तर उत्तर शोधायला मुंबई किंवा लंडन सोडून केळापूर ज्या प्रांतात मोडत होते, त्या मध्यप्रांत-वऱ्हाडाकडेच यावे लागते.

१४ जानेवारी १८९६ रोजी रायगडाच्या परिसरातील नाते या गावी देशमुखांचा जन्म झाला. वडील वकील. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. पुढे ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात दाखल झाले. १४९६ मध्ये स्थापन झालेले हे निवासी कॉलेज. तेथे त्यांनी घेतलेले विषय होते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. १९१७ मध्ये ते पदवीधर झाले, वनस्पतिशास्त्रासाठीचे फ्रँक स्मार्ट पारितोषिकही त्यांना मिळाले. पैसा, चलन, बँका, करपद्धती यांतले काहीही या अभ्यासात नव्हते. वाणिज्य शाखेची पदवी हातात नसली तर वित्तक्षेत्राचे दार बंद, असे मानणाऱ्या आजच्या पालकांनी ही यादी एकदा शांतपणे वाचावी.

१९१८ मध्ये लंडनला झालेल्या आय.सी.एस. परीक्षेत ते पहिले आले. याच सुमारास लोकमान्य टिळक चिरोल खटल्यासाठी लंडनमध्ये होते. सरकारी चाकरी सोडून देशकार्यात पडावे की काय, अशी घालमेल तरुण देशमुखांच्या मनात होती आणि ती त्यांनी टिळकांपुढे मांडली. टिळकांनी त्यांना चाकरी करण्याचाच सल्ला दिला. स्वराज्य आल्यावर कारभाराचा अनुभव असलेली माणसे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. तो पुढे किती अचूक ठरला, हे आपण जाणतोच.

नेमणूक झाली मध्यप्रांत-वऱ्हाडात. हा प्रांत म्हणजे दोन निरनिराळ्या हिशेबांची एक वही होती. मध्यप्रांतात मालगुजारी पद्धत होती, तर वऱ्हाडात मुंबई इलाख्यासारखी रयतवारी. शिवाय वऱ्हाड हा कागदोपत्री निजामाचाच मुलूख! निजामाच्या थकलेल्या देण्यापोटी १८५३ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला, १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतला गेला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांताला जोडला गेला. म्हणजे केळापूरच्या शेतकऱ्याच्या घरात जसे कर्ज होते, तसे त्याचा मुलूख या प्रांतात येण्यामागेही कर्जच होते. वऱ्हाडच्या कापसाचा पैसा मध्यप्रांतावर खर्च होतो, ही तक्रार या भागात सतत होत असे.

देशमुखांनी रायपूरला जमाबंदीचे काम केले. जमाबंदी म्हणजे गावोगाव फिरून जमिनीचा कस, पाणी, पीक आणि भाव पाहायचे आणि तिच्यावर किती सारा बसवायचा हे ठरवायचे. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला माती आणि पीक परके नव्हते. त्यांना रुपयाचे आकडे जोडायला तो येथे शिकला. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत त्यांनी सचिव म्हणून काम केले आणि त्यानंतर कित्येक वर्षे ते नागपूरला प्रांताचे वित्तसचिव होते. १९३५ च्या कायद्यान्वये केंद्र आणि प्रांत यांच्यात उत्पन्नाची वाटणी कशी करावी, याची चौकशी सर ऑटो निमेयर यांच्याकडे आली, तेव्हा या प्रांताची बाजू मांडणारी टिपणे देशमुखांची होती. ती वाखाणली गेली. माझ्या मते त्यांची खरी अर्थशास्त्राची पदवी ही होय.

पुढचा प्रवास वेगवान आहे. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी गव्हर्नर. वय अवघे ४७. युद्धाच्या काळात भारताने ब्रिटनला पुरवलेल्या मालापोटी लंडनमध्ये साचलेली स्टर्लिंगची रक्कम युद्धानंतर सुमारे १,७०० कोटी रुपयांवर गेली होती. पिढ्यान् पिढ्या ऋणको असलेला देश सावकाराचाच धनको झाला होता, आणि आता प्रश्न वसुलीचा होता. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेला गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात देशमुख होते. फाळणीनंतर रिझर्व्ह बँकेने जून १९४८ पर्यंत पाकिस्तानचाही चलनव्यवहार सांभाळला. घर फुटल्यावर दोन्ही भावांचे हिशेब एकाच कारकुनाने लिहावेत, तसे ते अवघड काम होते. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्याच वर्षी देशमुखांनी तिचा निरोप घेतला.

१९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीतील दोन गोष्टी तालुक्यापर्यंत पोहोचणाऱ्या होत्या. एक, आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण. दुसरी अधिक महत्त्वाची. रिझर्व्ह बँकेने १९५१ मध्ये हाती घेतलेल्या ग्रामीण कर्जाच्या पाहणीत असे आढळले, की शेतकऱ्याच्या कर्जापैकी सुमारे ७० टक्के सावकारांकडून येते, सहकारी संस्थांकडून जेमतेम ३ टक्के आणि व्यापारी बँकांकडून १ टक्काही नाही. त्यावरचा उपाय म्हणून १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर घालण्यात आले. ते पाळलेही गेले. मात्र शाखा गावाजवळ आली म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याचे देणे फिटले नाही. २००६ मध्ये विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्राला ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर करावी लागली आणि त्यांत यवतमाळ होताच. हे अपयश एकट्या देशमुखांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल, पण त्यांच्या पिढीने बँकेच्या शाखेवर जरा अधिकच विश्वास टाकला, हेही खरे.

जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर झाला. मुंबईत गोळीबार झाले, माणसे मेली. कुलाब्यातून लोकसभेवर निवडून आलेल्या देशमुखांना हा निर्णय मान्य नव्हता. तो ज्या रीतीने घेतला गेला ती रीतही नव्हती आणि गोळीबाराची चौकशी नाकारली जाणे तर नव्हतेच. जुलैमध्ये त्यांनी अर्थखाते सोडले. लोकसभेतील त्यांचे निवेदन पंडित नेहरूंना बोचणारे होते. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेची नुकतीच सुरुवात झालेली, विमा महामंडळ स्थापन व्हायला काही आठवडे उरलेले. हिशेबी माणसाने निवडावी अशी ही वेळ नव्हती. त्यांनी निवडली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. नाते आणि केळापूर प्रथमच एका राज्यात आले ते असे.

अर्थकारणाकडे ते मंत्री म्हणून पुन्हा परतले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षपद, दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद आणि इंडिया इंटरनॅशनल सेंटरची उभारणी यांत पुढची वर्षे गेली. १९५३ मध्ये विवाहबद्ध झालेल्या दुर्गाबाई या काळात त्यांच्या कामाच्या सोबती होत्या. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार आणि १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. मधल्या काळात, १९६९ मध्ये, राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते पराभूत झाले. शाळकरी वयात जडलेले संस्कृत मात्र सुटले नव्हते. त्यांनी मेघदूत मराठीत आणले, संस्कृतात कविता केल्या आणि उतारवयात अमरकोशावर काम केले. त्या कोशात वनौषधींचा एक स्वतंत्र वर्ग आहे. केंब्रिजला पारितोषिक मिळवलेल्या वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला तो वाचताना काय वाटले असेल, याचे कुतूहल वाटते. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचे निधन झाले.