हाडे नसलेला नर्तक

माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमधील एका नर्तकाला पाहणाऱ्यांना मात्र त्याविषयी शंका वाटत असे. उंच, कृश बांधा, डोक्यावर उंच हॅट, पुढे आलेली हनुवटी आणि चेहऱ्यावर कमालीचे गांभीर्य. संगीत सुरू झाले, की त्यांचे हातपाय रबरासारखे हवे तसे वळत. पॅरिसकरांनी त्यांचे नामकरणच केले ‘वालाँतँ ल देझोसे’, म्हणजे हाडे काढून टाकलेला वालाँतँ.

त्यांचे खरे आडनाव रनोदँ. पॅरिसजवळच्या सो या गावी १८४३ मध्ये त्यांचा जन्म झाला. मोंमार्त्रच्या नृत्यगृहांत त्यांचे नाव गाजले. १८८९ मध्ये ‘मुलाँ रूज’ सुरू झाले, तेव्हा त्यांनी वयाची पंचेचाळिशी ओलांडली होती. वयानुसार सांध्यांभोवतीचे अस्थिबंध ताठर होत जातात. पण त्यांचा लवचिकपणा टिकून होता. त्यांच्याहून २३ वर्षांनी लहान असलेल्या ला गुल्यू या नर्तकीबरोबरची त्यांची जोडी अफाट लोकप्रिय झाली. विशेष म्हणजे, या नृत्याचे मानधन त्यांनी कधी घेतले नाही. नाचणे हा त्यांचा धंदा नव्हता, तो छंद होता.

या जोडीला अमर केले ते चित्रकार तुलूझ-लोत्रेक यांनी. किशोरवयात लोत्रेक यांच्या दोन्ही मांड्यांची हाडे मोडली आणि पायांची वाढ कायमची खुंटली. ज्यांना हाडांनी दगा दिला, त्यांनीच हाडे नसल्यासारख्या नाचणाऱ्या या माणसाचे चित्र रेखाटले. १८९१ च्या त्यांच्या प्रसिद्ध जाहिरातचित्रात मध्यभागी ला गुल्यू आहे आणि अगदी पुढे वालाँतँ यांची करडी छायाकृती.

पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १८९५ मध्ये ला गुल्यूने ‘मुलाँ रूज’ सोडून जत्रेत स्वतःचा खेळ मांडला. तो फसला आणि १९२९ मध्ये विपन्नावस्थेत तिचा अंत झाला. वालाँतँ यांनीही त्याच सुमारास रंगमंचाचा निरोप घेतला, पण ना गाजावाजा केला, ना नव्या प्रसिद्धीचा हव्यास धरला. १९०७ मध्ये जन्मगावी, सो येथेच त्यांचे निधन झाले.

नृत्यातून त्यांनी एक पैसाही कमावला नाही. त्यांच्या वाट्याला आली ती कागदावरची एक करडी सावली. शतक उलटून गेले, तरी ती अजून तशीच वाकलेली आहे.