खाशाबा जाधव हेलसिंकीला पोहोचले कसे?

15 जानेवारी हा आता महाराष्ट्राचा राज्य क्रीडा दिन आहे. खाशाबा दादासाहेब जाधव यांचा तो जन्मदिवस. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिम्पिक पदक त्यांनी मिळवून दिलं, हे शाळकरी पोरांनाही पाठ असतं. पण पदकाआधीची गोष्ट फारशी सांगितली जात नाही. हेलसिंकीत कोण कसं चीत झालं यापेक्षा ते हेलसिंकीला पोहोचले कसे, हा प्रश्न आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. वैजापूरसारख्या तालुक्याच्या गावातून खेळणाऱ्या पोरांचं नेमकं तिथंच अडतं.

खाशाबांचा जन्म 1926 चा, सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. अंगापिंडानं लहान, पण चपळ. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण झालं. 1942 च्या चळवळीत या विद्यार्थ्यानं भूमिगत कार्यकर्त्यांना मदत केली. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात दाखल झाले, आणि कुस्तीनं खरा वेग घेतला तो तिथंच. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी हे त्यांचे उस्ताद.

कोल्हापूरची माती काय होती, हे आमच्या वाचकांना थोडं सांगायला हवं. राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानाची जात-धर्म न बघता त्याला खुराक दिला, राहायला जागा दिली. 1912 मध्ये खासबाग मैदान सुरू झालं तेव्हा आखाड्यात उतरले होते इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन. इमामबक्ष म्हणजे गामा पैलवानाचे भाऊ. पंजाबपासून दक्षिणेपर्यंतचे मल्ल या मैदानावर येत. खाशाबा याच परंपरेच्या शेवटच्या काळात तयार झाले. संस्थानं विलीन होत होती, राजाश्रय आटत होता. त्याच्या जागी सरकारची मदत अजून उभी राहिली नव्हती. त्यांच्या पुढच्या हालांचं कारण बरंचसं या मधल्या पोकळीत आहे.

1948 च्या लंडन ऑलिम्पिकला मात्र कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला. तिथं गेल्यावर कळलं की आपल्याकडची कुस्ती मातीतली आणि इथली गादीवरची. डाव वेगळे, गुणांचा हिशेब वेगळा. रीस गार्डनर या अमेरिकन मल्लानं तिथं त्यांना शिकवलं. फ्लायवेट गटात, म्हणजे 52 किलोंत, खाशाबांनी ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीनं त्यांना रोखलं. सहावा क्रमांक आला. गादीवर नवख्या असलेल्या मल्लासाठी हे थोडंथोडकं नव्हतं. पण खाशाबांचं समाधान झालं नाही. परत आले आणि वरच्या वजनाची, 57 किलोंची तयारी सुरू केली.

आता 1952. आजच्यासारखी पात्रता स्पर्धांची शिडी त्या वेळी नव्हती. आज कुस्तीगिराला जागतिक किंवा खंडीय स्पर्धेतून आधी देशासाठी जागा मिळवावी लागते. तेव्हा प्रत्येक देशानं एका वजनात एक मल्ल पाठवायचा, बस. म्हणजे आपला मल्ल ऑलिम्पिकला जाणार की नाही, हे ठरायचं देशातल्या देशात. पंचांच्या आणि निवड समितीच्या टेबलावर. तिथं जर कुणी अन्याय केला तर दुसरं दारच नाही.

खाशाबांच्या बाबतीत तेच झालं. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास यांच्याविरुद्ध त्यांना एक गुण कमी दिला गेला, आणि हे मुद्दाम झालं, अशी त्यांची तक्रार होती. अनेक खेळाडू अशा वेळी नशिबाला दोष देऊन घरी जातात. खाशाबा गेले नाहीत. त्यांनी दाद मागितली ती थेट पतियाळाच्या महाराजांकडे. महाराज यादविंद्रसिंग तेव्हा भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष होते आणि कुस्तीचे शौकीनही. पुन्हा कुस्ती लावली गेली. या वेळी गुण मोजायची वेळच आली नाही. खाशाबांनी निरंजन दास यांना बघता बघता चीत केलं.

निवड झाली, पण तिकिटाचे पैसे? इथून दुसरी लढत सुरू झाली, आणि आमच्या मते ती पहिलीपेक्षा अवघड होती. मुंबई राज्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे चार हजार रुपयांची मागणी गेली. स्पर्धा उरकल्यावर या, असं उत्तर मिळाल्याचं सांगतात. स्पर्धेनंतर तिकिटाचं काय लोणचं घालायचं होतं, हे त्या सरकारलाच ठाऊक! मग गोळेश्वरचे लोक पुढे आले. कराडात, आसपासच्या गावांत वर्गणी फिरली. कुणी रोख दिलं, कुणी घरातलं धान्य दिलं. तरी रक्कम भरेना. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. प्राध्यापकाचा पगार त्या काळात किती असेल याचा अंदाज करा, म्हणजे या सात हजारांचं वजन कळेल. पोरगा हरून आला असता तर घर गेलं असतं.

1952 मध्ये आपलं वैजापूर हैदराबाद राज्यात होतं. कराड-कोल्हापूर मुंबई राज्यात. मोरारजींचं सरकार आपलं नव्हतं. पण तिकडे काय, इकडे काय, गावातल्या पैलवानाची अवस्था सारखीच होती. उरुसाला-जत्रेला फडात कुस्ती मारायची, नारळ-फेटा आणि थोडी बक्षिसी घ्यायची, की पुन्हा शेतावर. त्यापलीकडे जायचा रस्ता दिसतच नव्हता.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडाच्या अॅड्रियन पोलिक्विनला आणि मेक्सिकोच्या बसुर्तोला चीत केलं. जर्मनीच्या श्मिट्झवर गुणांनी मात केली. पुढे जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेकोव या दोघांकडून ते हरले. ममदबेकोव अझरबैजानचा. इशीला सुवर्ण, ममदबेकोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. एक दमछाक करणारी कुस्ती संपते न संपते तोच त्यांना दुसऱ्या कुस्तीला उभं केलं गेलं, नियमाची विश्रांती मिळाली नाही, आणि त्यांच्या वतीनं बोलायला एकही भारतीय अधिकारी जवळ नव्हता, ही हकिकत कराड-कोल्हापुरात आजही सांगितली जाते. कोल्हापूरचेच केशव मांगवे त्याच ऑलिम्पिकला वरच्या वजनात चौथे आले. थोडक्यात हुकले, म्हणून त्यांचं नाव आज कुणाला आठवत नाही.

खाशाबांचं पदक 23 जुलैचं. दुसऱ्याच दिवशी हॉकी संघानं नेदरलँड्सला 6-1 नं हरवून सुवर्ण जिंकलं, आणि कौतुक सगळं तिकडे गेलं. हॉकीवाल्यांनी ते कमावलेलंच होतं, त्याबद्दल वाद नाही. पण कांस्यपदक घेऊन आलेल्या मल्लाची सरकारदरबारी कुणी खास दखल घेतली नाही. घेतली ती कराडकरांनी. शंभरावर बैलगाड्या जुंपून स्टेशनावरून मिरवणूक निघाली. एरवी पंधरा मिनिटांचा रस्ता, त्या दिवशी सात तास लागले.

हार-तुरे उतरले आणि खाशाबांनी पहिलं काम काय केलं, तर कोल्हापुरात कुस्त्यांची मैदानं भरवली. स्वतः लढले, आणि जमलेल्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं. ऑलिम्पिकचं पदक गळ्यात पडल्यावर कर्ज फेडायला आखाड्यात उतरलेला मल्ल! त्यांच्या आयुष्यातली आम्हाला सगळ्यात मोठी वाटणारी कुस्ती हीच.

1955 मध्ये ते मुंबई पोलिसांत उपनिरीक्षक झाले. पुढच्या ऑलिम्पिकचा विचार होता, पण गुडघ्याच्या दुखापतीनं घात केला. 27 वर्षं खात्यात काढली, खात्यातले मल्ल तयार केले आणि सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही झगडावं लागलं. 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्यांना मशाल दौडीत बोलावलं गेलं, एवढाच काय तो मान. 14 ऑगस्ट 1984 ला रस्त्यावरच्या अपघातात त्यांचं निधन झालं. शिवछत्रपती पुरस्कार, अर्जुन पुरस्कार, दिल्लीतल्या कुस्ती स्टेडियमला त्यांचं नाव, हे सगळं त्यांच्या मागे.

त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक पदकासाठी 1996 पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, 44 वर्षं थांबावं लागलं. महाराष्ट्रातल्या खेळाडूला तर 72 वर्षं. 2024 ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेनं नेमबाजीत कांस्य मिळवलं, तोही कोल्हापूर जिल्ह्यातलाच. त्यानं 2022 मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत भारताला जागा मिळवून दिली होती. पण ती जागा देशाची असते, खेळाडूची नाही. त्यामुळे 2024 मध्ये पुन्हा निवड चाचण्या देऊन त्याला ती स्वतःची करावी लागली. आपल्या मराठवाड्याचं बघा. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे स्टीपलचेससाठी टोकियो आणि पॅरिस, दोन्हींना पात्र ठरला. पाटोद्याच्या राहुल आवारेनं 2019 ला जागतिक कांस्य मिळवलं, पण ते 61 किलोंत, आणि हे वजन ऑलिम्पिकमध्ये नाही. ऑलिम्पिक त्याच्या वाट्याला आलंच नाही.

आज वैजापूरच्या मुलीला किंवा मुलाला तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढाव्या लागतात. रोटेगावहून रेल्वे पकडायची, दोन दिवसांचं जेवण, बूट, राहणं. पालक मजूर असेल तर पहिल्या दोन पायऱ्यांवरच पोर थांबतं. गाव वर्गणी काढतं का, मोहल्ला काढतो का, शाळेतला एखादा मास्तर खिशात हात घालतो का, यावर अजूनही बरंच ठरतं.

गोळेश्वरला खाशाबांच्या नावानं कुस्ती संकुल बांधायचं सरकारनं जाहीर केलं होतं. वर्षं गेली, काम उभं राहीना. शेवटी 2017 मध्ये जाधव कुटुंबानं जाहीर केलं की हेलसिंकीचं ते कांस्यपदक लिलावात काढू आणि त्या पैशातून संकुल बांधू.