मूळ नक्षत्राचे भय आणि कॅप्टन जेकब

साक्रीस लग्नसराई आली म्हणजे पेढीवरील खातेवहीहून अधिक बारकाईने मुलींच्या पत्रिका तपासल्या जातात. मुलगी सुशील, लिहिणारी-वाचणारी. परंतु जन्म मूळ नक्षत्रावर, सबब सासऱ्यास वाईट. ज्येष्ठेवर, सबब थोरल्या दिरास वाईट! ही दोन्ही नक्षत्रे आकाशातील विंचवाच्या अंगावर आहेत. त्याच विंचवाच्या डोक्याशी, अनुराधेच्या लगत, न्यू स्कॉर्पाय नावाचा एक मंद तारा आहे. त्याकडे भयाने न पाहता मोजमाप घेऊन पाहणारा गृहस्थ पुण्यास होऊन गेला. त्याचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

विल्यम स्टीफन जेकब यांचा जन्म १८१३ साली इंग्लंडात झाला. कंपनी सरकारच्या मुंबई इंजिनिअर पलटणीत ते नोकरीस लागले व जमीनमोजणीच्या कामावर राहिले. परकी अंमलाचा हा चाकर, हे आम्ही विसरत नाही. तथापि १८४२ साली त्यांनी पुण्यास उभारलेली वेधशाळा खासगी होती, हेही नमूद केले पाहिजे. तेथे ते जोडतारे मोजीत. दोन ताऱ्यांमधील अंतर व दिशा टिपावयाची, काही वर्षांनी पुन्हा टिपावयाची. तारे केवळ एका रेषेत आलेले असतील तर सरळ वाटेने दूर जातात; आकर्षणाने बांधलेले असतील तर एकमेकांभोवती वळतात, आणि त्या वळणावरून त्यांचे वजन काढता येते.

न्यू स्कॉर्पायचा एक जोडीदार आधीच ठाऊक होता. तो जोडीदार स्वतःच दुहेरी आहे, हे जेकबसाहेबांनी १८४७ साली पाहिले. आज तेथे निदान सात तारे मोजले गेले आहेत. काही तर दुर्बिणीत वेगळे दिसतच नाहीत, वर्णपटातील रेषा मागेपुढे सरकतात त्यावरून ओळखले गेले. या कुटुंबाचे वय सुमारे एक कोटी वर्षे, म्हणजे आपल्या ४६० कोटी वर्षांच्या सूर्यापुढे ते तान्हे मूल होय.

१८४८ साली २४४ जोडताऱ्यांची यादी विलायतेस सादर करून ते मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. तेथे भुजंगधारी मंडलातील एका जोडताऱ्याच्या गतीत त्यांना तफावत आढळली. न दिसणारा एखादा ग्रह त्यास ओढीत असावा, असे अनुमान त्यांनी १८५५ साली प्रसिद्ध केले. पुढील वेधांनी ते टिकू दिले नाही. चूक झाली खरी. पण आकडे उघड मांडलेले होते म्हणूनच ती पकडता आली. मूळ नक्षत्रावरच्या किती सुनांचे सासरे दीर्घायुषी झाले, याचा ताळा आमच्या व्यापारी बंधूंपैकी कोणी कधी मांडला आहे काय?

प्रकृतीमुळे १८५९ साली त्यांनी मद्रास सोडले. पुण्याजवळ उंच जागी वेधशाळा काढण्याचा त्यांचा विचार पार्लमेंटने १,००० पौंड देऊन उचलून धरला. १८६२ च्या ऑगस्टच्या ८ तारखेस ते मुंबईस उतरले आणि १६ तारखेस पुण्यास वारले. तेव्हा त्यांचे वय ४८ वर्षांचे होते.